पॉल रोबसन यांच्यावर कार्यक्रम करायचाय? तयारी अशी करा

पहिली तयारी कानांची. एक ओळही लिहिण्याआधी दोन-तीन दिवस रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-नटाची गाणी नुसती ऐका. चांगले स्पीकर आत्ताच ठरवून ठेवा, कारण तो खर्ज मोबाइलवर कळतच नाही. ‘ओल्ड मॅन रिव्हर’ची दोन ध्वनिमुद्रणं मिळवा, एक सुरुवातीचं, एक उतारवयातलं. मूळ शब्दांत जगण्याचा वीट आणि मरणाची भीती होती. रोबसन यांनी ते बदलून मरेपर्यंत लढत राहण्याचे केले. दोन्ही लागोपाठ वाजवा, मध्ये काही बोलू नका.

चरित्राचं टिपण अर्ध्या पानात आवरा: १८९८ साली प्रिन्स्टनमध्ये जन्म, वडील गुलामगिरीतून पळून आलेले, रटगर्स विद्यापीठात फुटबॉल, कोलंबिया विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो. न्यूयॉर्क राज्यातलं पीकस्किल मात्र विसरू नका. १९४९ मध्ये तिथल्या मैफलीहून परतणाऱ्या श्रोत्यांच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती.

खरा वेळ द्यायचा तो पासपोर्टच्या आठ वर्षांना. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने तो रद्द केला, परत मिळाला १९५८ मध्ये. इथे नकाशा हवाच. त्यावर अमेरिका-कॅनडा सीमेवरची पीस आर्च ही स्मारक-कमान ठळक दाखवा. कॅनडात जायला पासपोर्ट लागत नव्हता, तरी १९५२ मध्ये त्यांना अडवलं. मग व्हँकुव्हरमधल्या खाणकामगारांसाठी ते फोनवरून गायले आणि मे महिन्यात थेट सीमेवर, उघड्या ट्रकवर उभे राहून. पलीकडचे हजारो लोक ऐकत होते. मला तरी गायकाच्या आयुष्यातला याहून मोठा प्रसंग माहीत नाही, म्हणून तो घाईत सांगू नका.

सोव्हिएत संघाचा विषय श्रोते काढणारच. रोबसन यांनी स्टॅलिन यांची जाहीर प्रशंसा केली होती, हे आपणच आधी सांगा. लपवलं तर बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास जातो.

वेल्सच्या ध्वनिमुद्रणासाठी शेवटी भरपूर वेळ राखून ठेवा. १९५७ मध्ये पोर्थकॉलच्या सभागृहात खाणकामगार जमले होते आणि रोबसन न्यूयॉर्कमधून, अटलांटिकखालच्या टेलिफोन केबलमधून गात होते. त्यांचं गाणं झाल्यावर बटण बंद करू नका; त्यानंतर कामगारांनी त्यांच्यासाठी गायलेलं ऐकायचं राहून जाईल.