फेनिलकेटोनुरिया असलेल्या मुलाचे पोषण घरी कसे सांभाळावे

फेनिलकेटोनुरिया (पीकेयू) या जन्मजात आजारात फेनिलॲलानिन या प्रथिनांतील अमिनो आम्लाचे टायरोसिनमध्ये रूपांतर करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) अपुरे पडते आणि साठत जाणारे फेनिलॲलानिन मेंदूला इजा करते. त्यामुळे तुरीचे वरण, झुणका, सोयाबीन, शेंगदाणे, दूध, अंडी, मटण हे सारे वर्ज्य करावे लागते. आपल्या खेड्यापाड्यांत ही यादी घरातल्या सर्वांना पाठ होते. मात्र मुलाला काय दिलेच पाहिजे, ते मागे पडते आणि कुपोषण तिथूनच सुरू होते.

सर्वांत आधी पावडर. फेनिलॲलानिनविरहित वैद्यकीय पावडर हाच या मुलांच्या प्रथिनांचा मुख्य आधार आहे. ती दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी. बहुतेक पावडरींत टायरोसिनसोबत बी-12, लोह, जस्त आणि कॅल्शियमही असते. वासाला कंटाळून मुलाने पावडर सोडली आणि भाजी-भात तेवढा चालू राहिला, तर बी-12 हळूहळू घसरते, कारण धान्य-भाज्यांत ते नसतेच. थकवा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा बी-12, हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे. मदतीसाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात चौकशी करावी.

धान्य वाटीने नव्हे, काट्यावर मोजावे, आणि तेही कच्चे असताना. 1 ग्रॅम प्रथिनात साधारण 50 मिलिग्रॅम फेनिलॲलानिन असते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे 30 ग्रॅम पिठाच्या लहानशा भाकरीतून अंदाजे 150 मिलिग्रॅम फेनिलॲलानिन पोटात जाते. आहारतज्ज्ञांनी दिवसाला 250 मिलिग्रॅमची मर्यादा दिली असेल, तर निम्म्याहून अधिक वाटा त्या एका भाकरीतच संपतो.

तरीही मुलाला अर्धपोटी ठेवू नये. ऊर्जा कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि त्यातून सुटलेले फेनिलॲलानिन रक्तात येते. तापातही हेच होते, म्हणून आजारपणात पातळ, गोड पदार्थ थोडे-थोडे देत राहावे आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने दाण्याचा कूट न घालता केलेली खिचडी, तेल, साखर आणि मापात संत्री यांनी पोट भरता येते. ‘शुगर-फ्री’ पदार्थांवर ॲस्पार्टेम (फेनिलॲलानिन असलेला कृत्रिम गोडवा) लिहिलेले असल्यास ते मुळीच देऊ नयेत.

बारा वर्षांपर्यंत रक्तातील पातळी 120 ते 360 मायक्रोमोल प्रति लिटर ठेवतात. त्याखालची पातळीही चांगली नव्हे, कारण वाढीला थोडे फेनिलॲलानिन लागतेच. ते फार कमी झाले तर भूक मंदावते, अंगावर पुरळ येते आणि वाढ खुंटते. म्हणून अंगणवाडीत दरमहा वजन-उंची नोंदवून तो तक्ता रक्ताच्या अहवालासोबत तज्ज्ञांना दाखवावा. शाळेच्या खिचडीत डाळ असते, तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी कळवून डबा घरून द्यावा, आणि पोळ्याला पुरणपोळी प्रेमाने भरवणाऱ्या शेजारणीलाही आधीच समजावून सांगावे.

मुलगी मोठी झाल्यावर आहार सैल पडू देऊ नये. गर्भधारणेपूर्वीच पातळी आटोक्यात नसेल, तर बाळाला आजार नसतानाही त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते; ही गोष्ट लग्न ठरतानाच दोन्ही घरांना सांगितलेली बरी.