दोन वर्षं नुसता ठेका

गेल्या दिवाळीत पुण्यातल्या एका मुलाने विचारलं, "दादा, जँगोसारखं वाजवायला किती वर्षं लागतात?" मी म्हटलं, "ठेका धरता येतो का?" पोरगं हिरमुसलं. माझंही जर्मनीत पहिल्या वर्षी असंच झालं होतं. एमएसच्या अभ्यासातून वेळ काढून मी सिंती जॅझ, म्हणजे जँगोने घडवलेलं गिटारचं संगीत, शिकायला एका वयस्कर सिंती वादकाकडे गेलो. सिंती म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा लोकांपैकी एक समाज. (इथे त्यांना काकाच म्हणतो.) मोठ्या ऐटीत पाठ केलेला एक सोलो वाजवून दाखवला. काकांनी कॉफी संपवली आणि म्हणाले, "छान. आता मी वाजवतो, तू साथ कर." मिनिटभरात माझा पचका झाला.

या संगीतात साथीला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. या संगीताचा जनक मानला जाणारा गिटारवादक जँगो राइनहार्ट १९१० साली बेल्जियममधल्या लिबेर्शी गावात जन्मला. १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली. १९३४ मध्ये पॅरिसात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याचा पाच जणांचा संच जमला: एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास. ड्रम नाहीतच. म्हणजे उरलेल्या दोन गिटारींनी ड्रमचं काम करायचं. या ठेक्याला फ्रेंचमध्ये 'ला पोंप' म्हणतात, पंप मारल्यासारखा.

ऐकायला सोपा वाटतो. चार मात्रा, पहिली-तिसरी मऊ, दुसरी-चौथी तुटक आणि ठाशीव. कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) वाजली रे वाजली की डाव्या हाताची पकड ढिली करायची, म्हणजे आवाज तिथेच तुटतो. आपली अडचण अशी की आपला कान समेवर यायला सोकावलेला. मी लहानपणी तीन वर्षं तबला शिकलो होतो, आणि तेच नडलं. वजन आपोआप पहिल्या मात्रेवर पडायचं आणि काका मान हलवायचे. उपाय एकच: मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) टोला एक-तीनवर न ऐकता दोन-चारवर ऐकायचा. पहिले पंधरा दिवस वैताग येतो. मग एका संध्याकाळी अचानक बसतं.

उजव्या हाताचंही तसंच. मनगट किंचित वाकवलेलं, तळवा गिटारीवर टेकवायचा नाही. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) तारेवरून खाली येऊन पुढच्या तारेवर विसावतं. तार बदलली की पुन्हा खालचाच आघात, आधीचा वरून झाला असो की खालून. इतर गिटार वाजवून आलेल्यांचा हात इथेच अडतो. जुनी सवय मोडायला मला आठ महिने लागले.

खरेदीचं थोडक्यात. जँगो वाजवायचा त्या मूळ सेल्मर गिटारी फ्रान्समध्ये १९३२ पासून बनल्या, हजाराच्या आतबाहेर, आणि त्या आता संग्राहकांकडे आहेत. त्या आकाराची साधी नक्कल घ्या, जाड पिक आणि हलक्या तारा घ्या. दोनच बोटांनी वाजवायचा हट्ट धरू नका. तो मला बाहेरून आलेल्यांतच जास्त दिसला. जँगोचा तो नाइलाज होता.

नोटेशन शोधत बसू नका. जँगोला नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि काकांच्या घरातही कागद नव्हता. समोर बसायचं, बघायचं, उचलायचं. गुरूपुढे बसून शिकलेल्यांना हे जड जाऊ नये. ऐकायला मात्र भरपूर आहे. नेदरलँड्सचे रोझेनबर्ग, अल्सासमधला बिरेली लाग्रेन, बेल्जियमचा फापी लाफर्तां. आणि श्नुकेनाक राइनहार्ट, ज्याने १९६७ पासून जर्मनीच्या मंचांवर सिंतींचं संगीत उघडपणे आणलं. ते 'उघडपणे' किती अवघड होतं, ते पुढे येईल.

एक घोळ मात्र करू नका. रोमा म्हटलं की सगळं एकच संगीत, असं नाही. रोमानियातल्या क्लेजानी गावचे व्हायोलिनवाले, तिथल्याच झेचे प्रजिनी गावचा ब्रास बँड, बुडापेस्टच्या हॉटेलांतलं सिंबालोम (काठ्यांनी वाजवायचं तारवाद्य), स्कोप्येची गायिका एस्मा रेजेपोवा, हे सगळे वेगवेगळे प्रांत आहेत. सिंती जॅझ शिकणाऱ्याने बाल्कन बँडची नक्कल करणं म्हणजे लावणी शिकायला जाऊन भांगडा करणं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. फ्रान्समधले सिंती स्वतःला 'मानूश' म्हणवतात. म्हणजे माणूस! रोमानी भाषेत पाणी 'पानी', नाक 'नाक', कान 'कान'. दोन, तीन, चार म्हणजे 'दुई, त्रिन, श्तार'. मराठी माणसाला हे कळलं की तो हरखतो. मीही हरखलो. सात, आठ, नऊ मात्र त्यांनी वाटेत ग्रीकांकडून घेतले, हे ऐकून तर जास्तच. तिसऱ्या भेटीत मी वही काढली आणि काकांना एकेक शब्द विचारायला लागलो. चौथ्या शब्दाला ते गप्प झाले. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी गिटार उघडलीच नाही.

कारण नंतर त्यांच्या भाच्याने सांगितलं. नाझी काळात वंशशास्त्राच्या नावाखाली एव्हा युस्टिन नावाची बाई सिंतींच्या घरोघरी यायची. त्यांची भाषा शिकलेली, गोड बोलणारी. तिने आणि तिचा वरिष्ठ रॉबर्ट रिटर याने जमवलेल्या वंशावळ्यांवरून लोकांना आउश्वित्झच्या छळछावणीत धाडलं गेलं. १९४४ च्या २ ऑगस्टच्या रात्री तिथल्या रोमा-सिंती छावणीतले उरलेले सगळे, बहुतांश बायका, मुलं, म्हातारे, मारले गेले. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे मान्य केलं १९८२ मध्ये. युस्टिनला शिक्षा झालीच नाही. युद्धानंतर ती फ्रँकफुर्ट महापालिकेत नोकरीला होती.

आणि मी वही घेऊन बसलो होतो.

म्हणून सांगतो, 'तुम्ही मूळचे आमचेच' असं म्हणत जाऊ नका. भाषेचं नातं खरं आहे, पण ते त्यांच्या आजीच्या आठवणीपेक्षा मोठं नाही. शब्द विचारू नका, न विचारता फोन पुढे करून चित्रीकरण करू नका. 'जिप्सी' हा शब्द काहीजण स्वतःच्या बँडला लावतात, पण त्यांनी वापरला म्हणून तुम्ही वापरू नका. 'त्सिगॉयनर' हा जर्मन अपमानकारक शब्द तर मुळीच नको. साथ करायला बसा. साथीदाराला कुणी उठवत नाही.

एवढी तयारी झाली की जूनअखेरच्या जँगो राइनहार्ट महोत्सवाला जा. जँगो शेवटची वर्षं पॅरिसजवळच्या साम्वा-सूर-सेन गावी राहिला, १९५३ मध्ये गेला, तिथेच त्याची कबर आहे. २०१६ च्या पुरानंतर महोत्सव शेजारच्या फाँतेनब्लोला हलला. मंचावरचं ऐकाच, पण रात्री तंबूंमधल्या मैफली चुकवू नका. वीसेक चिजा तोंडपाठ हव्यात. वर्तुळाच्या कडेला बसा आणि आवाज बेताचा ठेवा. दुसऱ्या वर्षी तिथे रात्री दोनला एका अनोळखी मुलाने माझ्याकडे हनुवटी उडवली: घे एक फेरी, म्हणजे वाजव सोलो. मी मान हलवून नाही म्हटलं आणि ठेका धरून बसलो. काका पलीकडे होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला पहिला सोलो शिकवला.

त्या पुण्याच्या मुलाने परवा रेकॉर्डिंग पाठवलं. सहा मिनिटं, नुसता ठेका. तिसऱ्या मिनिटापासून लय चढत गेली आहे. तसं कळवलंय.