लास व्हेगासमध्ये फिरताना कोणते वाहन केव्हा घ्यावे

लास व्हेगासला प्रथमच जाणारा माणूस सर्वांत आधी अंतराच्या बाबतीत फसतो. ज्याला सगळे ‘स्ट्रिप’ म्हणतात, तो लास व्हेगास बुलेव्हार्ड या रस्त्याचा जेमतेम सात किलोमीटरचा पट्टा आहे. मात्र त्यावरील हॉटेले इतकी अवाढव्य आहेत की शेजारची इमारत हाकेच्या अंतरावर दिसत असली, तरी खोलीतून निघून, लिफ्टने उतरून, कॅसिनोचा अख्खा मजला ओलांडून रस्त्याला लागेपर्यंतच दहा मिनिटे सहज जातात. म्हणून वाहन निवडताना ते किती वेगाने धावते यापेक्षा ते कोठे चढवते आणि कोठे उतरवते, याचा विचार आधी करावा.

बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, पॅरिस आणि फ्लेमिंगो या हॉटेलांच्या मधल्या भागात पायी फिरणेच उत्तम. ट्रॉपिकाना आणि फ्लेमिंगो या मोठ्या चौकांत रस्ता पादचारी पुलांवरून ओलांडावा लागतो. तेथे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. जानेवारी २०२४ मध्ये संमत झालेल्या स्थानिक नियमानुसार या पुलांवर थांबून राहण्यास मनाई आहे, त्यामुळे छायाचित्रे खाली उतरून काढावीत. उन्हाळ्यात मात्र दुपारी चालण्याचा हट्ट धरू नये. जुलै २०२४ मध्ये येथे ४८.९ अंश सेल्सिअस इतक्या उच्चांकी तापमानाची नोंद झाली होती. सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर फेरफटका सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावा आणि पाण्याची बाटली जवळ बाळगावी.

लांबच्या अंतरासाठी माझी पहिली पसंती ‘ड्यूस’ या दुमजली बसला आहे. ही बस चोवीस तास चालते, स्ट्रिपवरील बहुतेक मोठ्या हॉटेलांजवळ थांबते आणि उत्तरेकडे जुन्या शहरातील फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंत नेते. बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थांब्यावरील यंत्रातून किंवा ॲपवरून तिकीट आधीच काढावे. दिवसभरात अनेकदा चढ-उतार करायची असेल, तर चोवीस तासांचा पास सोयीचा पडतो. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी मात्र ती इतर गाड्यांबरोबरच कोंडीत अडकते, हे गृहीत धरूनच वेळेचा हिशेब करावा.

अशा वेळी मोनोरेल कामाला येते. २००४ मध्ये सुरू झालेली ही गाडी एमजीएम ग्रँड या हॉटेलापासून सहारा या हॉटेलापर्यंत सुमारे सव्वासहा किलोमीटर जाते, तिची सात स्थानके आहेत आणि खालच्या वाहतुकीचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. तिची अडचण स्थानकांच्या जागेत आहे. ती सगळी रस्त्याच्या पूर्वेकडे, तीही हॉटेलांच्या मागच्या बाजूला आहेत. एमजीएम ग्रँडच्या स्थानकात पोहोचायचे, तर रस्त्यावरच्या दारातून आत शिरून, पाट्यांचा माग काढत संपूर्ण इमारत पार करून मागे जावे लागते. पश्चिमेकडील बेलाजिओत उतरलेल्या कुटुंबाला दोन स्थानकांच्या प्रवासासाठी ही यातायात परवडणारी नाही; मात्र कन्व्हेन्शन सेंटरला प्रदर्शनासाठी किंवा परिषदेसाठी जाणाऱ्यांना मोनोरेलइतके खात्रीचे दुसरे साधन क्वचितच मिळेल. शिवाय विमानतळापर्यंत ती जात नाही आणि रात्रभर चालतही नाही.

पश्चिमेकडील हॉटेलांमध्ये दोन छोट्या ट्राम मोफत आहेत. एक मँडले बे आणि एक्सकॅलिबर यांच्यामध्ये धावते, तर दुसरी पार्क एमजीएम, आरिया आणि बेलाजिओ यांना जोडते. त्यांत बसण्यासाठी त्या हॉटेलांत मुक्काम असण्याची गरज नसते.

टॅक्सीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. स्ट्रिपवर हात दाखवून टॅक्सी थांबवता येत नाही. कोणत्याही हॉटेलच्या प्रवेशद्वाराजवळील टॅक्सी स्टँडवर रांगेत उभे राहावे लागते. विमानतळ आणि स्ट्रिप यांच्यादरम्यान विभागवार ठरावीक भाडे आहे, म्हणून गाडीत बसण्यापूर्वी आपल्या हॉटेलचे भाडे चालकाला विचारून घ्यावे. ‘उबर’ किंवा ‘लिफ्ट’ (Lyft) या कंपन्यांची ॲपवरून बोलावलेली गाडी विमानतळाच्या दारासमोर येत नाही, त्यासाठी पार्किंगच्या इमारतीत जावे लागते. सामान जास्त असेल, तर साधी टॅक्सीच सोपी. शहरात फिरताना चालकाला स्ट्रिप टाळून पूर्वेकडील कोव्हल लेनने किंवा पश्चिमेकडील फ्रँक सिनात्रा ड्राइव्हने नेण्यास सांगावे, म्हणजे मीटरचे पैसे कोंडीत वाया जात नाहीत.

भाड्याची मोटार संपूर्ण मुक्कामासाठी घेण्याचा सल्ला मी देणार नाही. अनेक मोठी हॉटेले पार्किंगचे वेगळे पैसे घेतात आणि वाहनतळापासून खोलीपर्यंतची पायपीट काही चुकत नाही. शहराबाहेरील रेड रॉक कॅन्यन किंवा हूवर धरण पाहायचे असेल, त्या एकाच दिवसापुरती मोटार घ्यावी, सकाळी लवकर निघावे आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी ती परत करावी.