एनआयआर मशीनवर प्लास्टिक वेगळं करताय? या चुका टाळा

एनआयआर मशीन म्हणजे डोळ्यांना न दिसणारा नियर-इन्फ्रारेड प्रकाश टाकून, परत येणाऱ्या प्रकाशावरून प्लास्टिकचा प्रकार सांगणारं यंत्र. काळं प्लास्टिक त्याच्याखाली धरायचं आणि जे नाव येईल ते खरं मानायचं, ही सगळ्यात चिवट चूक. काळ्या रंगातला कार्बन ब्लॅक एनआयआर प्रकाश गिळून टाकतो, परत काही येतच नाही, मग काही मशीन उरलेल्या खरखरीतूनच लायब्ररीतलं (मशीनमध्ये साठवलेल्या नमुन्यांतलं) जवळचं नाव उचलून देतात. आमच्या रत्नागिरीकडच्या शेडवर एका नवीन पोराने आंबा कलमांच्या काळ्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या आणि फुटक्या टीव्हीची मागची कव्हरं एकाच ढिगात टाकली, कारण स्क्रीनवर सगळ्यांना पीई (पॉलिइथिलीन, पिशव्यांचं प्लास्टिक) आलेलं. म्हटलं अरे मॅचचा आकडा, किती जुळलं ते तरी बघ, तर म्हणे काका, नाव आलंय ना! झालं, माल वितळवून दाणे करणाऱ्याकडे दाण्याला पापुद्रे सुटायला लागले, माल परत, वर गाडीभाडं आमच्या डोक्यावर.

मी काळा माल मशीनला दाखवतच नाही. तुकडा कापायचा, साबणाचे दोन थेंब टाकलेल्या गोड्या पाण्यात दाबून सोडायचा. साधं पीई आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन) वर येतं, टीव्हीच्या कव्हरचं कडक प्लास्टिक, एचआयपीएस-एबीएस, तळाला जातं. समुद्राचं पाणी नको, त्याची घनता 1.025 च्या आसपास, एबीएस 1.04 च्या जवळपास, मग तुकडा मध्येच रेंगाळतो. टाल्क (खनिज पूड) भरलेलं पीपीही बुडतं, म्हणून बुडालेला ढीग मी वेगळाच ठेवतो. काळं ओळखणारी मिड-इन्फ्रारेड मशीन असतात, पण ती घ्यायची ऐपत कुणाची.

ओला माल. पाणी 1450 आणि 1940 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, त्यामुळे पावसात भिजलेलं किंवा खाडीतून ओढलेलं जाळं चिखल-शेवाळासकट ठेवलंत तर रीडिंग गंडणारच. धुवा, वाळवा. श्रावणात वाळत नाही म्हणून कुरकुर करू नका, थांबा.

पूर्ण बाटलीवर चढवलेलं लेबल असेल तर मशीन लेबलच वाचतं. ते पीव्हीसी निघालं आणि पेटमध्ये (बाटलीच्या प्लास्टिकमध्ये) गेलं की मेला माल, कारण पेट वितळतं 250-260 अंशांना आणि तिथे पीव्हीसी सडून हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं, पेट पिवळं पडतं. पाण्यातही वेगळं होत नाही, दोन्ही बुडतात. लेबल फाडा, नाहीतर उघड्या मानेवर रीडिंग घ्या.

पातळ पिशवी चार घड्या करून ठेवा, नाहीतर मशीनचा खालचा पट्टाच वाचला जातो.

प्लास्टिक ओळखायला लायटर लावून वास घेणाऱ्यांनी आमच्या शेडवर येऊ नये.

आणि मशीनचे दिवे लावल्या लावल्या काम सुरू नको, चहा होईपर्यंत तापू द्या, मग पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन करा. टाइलला बोटं लावू नका, मासळीचा हात तर अजिबात नको.