ट्रॉलीबॅगचं डिझाइन शिकताना: ग्रॅम कुठून काढायचे आणि कुठून नाही

ब्रीफमध्ये, म्हणजे कंपनीच्या लेखी मागणीत, «बॅग 300 ग्रॅमनी हलकी करा» असं आलं की नवखा डिझायनर पहिला हात शेलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घालतो. यात त्याची चूक नाही. 55 सेंटिमीटरची, अडीच किलोची केबिन बॅग सुटी करून काट्यावर ठेवली तर शेलच सगळ्यात जड निघतं, साधारण 900 ते 1000 ग्रॅम. हँडलचा संच 450 ते 550, चार चाकं हाउसिंगसकट (चाक धरणारा भाग) 350 ते 450, आणि उरलेलं वजन चेन, अस्तर, कुलूप, स्क्रू-रिव्हेट यांचं. हा हिशेब माझ्याकडून घेऊ नका. जुन्या बाजारातून एक मोडकी बॅग आणा, ड्रिलनं रिव्हेट उडवा आणि तुकडान् तुकडा स्वतः तोला. महागड्या सॉफ्टवेअर कोर्सआधी हे काम करावं, असं माझं ठाम मत आहे.

शेलची जाडी 10 टक्के कमी केली तर वजन 10 टक्के उतरतं, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात बदलतो, म्हणून कडकपणा 27 टक्के जातो. 20 टक्के कापलं तर जवळपास निम्मा. त्यामुळे जाडी कापण्याआधी मटेरियल आणि आकार बघायचा. पॉलिकार्बोनेटची (पीसी) घनता 1.2 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, एबीएस या प्लास्टिकची 1.04 आणि पॉलिप्रॉपिलीनची (पीपी) 0.9 च्या आसपास. पीपी हे पीसीपेक्षा लवचिक, म्हणून तेवढ्याच कडकपणासाठी जाडी 15 टक्के वाढवावी लागते. तरीही भाग 13 टक्के हलका होतो. पीपीच्या इंजेक्शन मोल्डेड बॅगा इतक्या दिसतात त्यामागे किमतीबरोबर हेही गणित आहे. सॅमसोनाइटनं 2008 मध्ये कॉस्मोलाइट बॅगेत कर्व्ह नावाचं मटेरियल वापरलं, तेही पीपीच, फक्त पीपीच्याच ताणलेल्या धाग्यांनी मजबूत केलेलं.

पीपीची दुखणी वेगळी. ते दीड-दोन टक्के आकसतं, पीसी अर्धा-पाऊण टक्का. म्हणजे पीसीच्या साच्यात पीपी ओतून «सॅम्पल बघू» म्हणणाऱ्याला दोन शेलच्या कडा कधीच जुळताना दिसणार नाहीत. होमोपॉलिमर, म्हणजे निव्वळ प्रोपिलीनचं पीपी, थंडीत ठिसूळ होतं. बॅग कॅनडा-युरोपला जाणार असेल तर इम्पॅक्ट ग्रेडचं (धक्का सोसणारं) कोपॉलिमरच मागा, आणि ड्रॉप टेस्ट थंड करून घ्या. पीसी थंडी सोसतं, पण त्याला सॉल्व्हंटचं वावडं आहे. असेंब्लीवाल्यानं थिनरच्या फडक्यानं डाग पुसला की महिनाभरानं स्क्रूभोवती बारीक तडे दिसतात आणि खापर डिझाइनवर फुटतं.

व्हॅक्युम फॉर्मिंग (तापवलेली शीट हवा ओढून साच्यावर बसवणं) करत असाल तर एक गोष्ट लगेच तपासा. शीट 3 मिलिमीटरची असली तरी कोपऱ्यात ती ताणली जाऊन निम्म्याहून कमी उरू शकते, आणि बॅग पडते ती कोपऱ्यावरच. जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक गेज लागतो. तो नसेल तर एक शेल सरळ करवतीनं कापा आणि व्हर्नियर लावा. कोपऱ्याची त्रिज्या वाढवणं हा फुकटचा उपाय आहे. शेलवरच्या उभ्या खाचा शोभेसाठी नसतात, त्या कडकपणा देतात. मात्र खाच कोपऱ्याच्या अलीकडे एकदम संपवली तर तडा तिथूनच सुरू होतो. ती हळूहळू उथळ करत न्यायची.

शेलचं एवढं पुरे. नवी माणसं खरी अडकतात ती हँडलमध्ये.

1972 मध्ये बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचं अमेरिकन पेटंट मिळालं, पण ती आडवी बॅग पट्ट्यानं ओढायची होती आणि वळणावर डोलायची. 1987 मध्ये वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी बॅग उभी केली, दोन चाकांवर ठेवली आणि तिला आत जाणारा दांडा दिला. ओढणाऱ्याचा हात आणि सामान यांच्यामधला ताठ दुवा म्हणजे तो दांडा. गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदा काय करतं बघा: बटण दाबतं, दांडा वर ओढतं आणि हलवून बघतं. दांडा खडखडला तर शेल कितीही भारी असो, बॅग परत फळीवर जाते.

तो खडखडाट कुठून येतो, ते सावकाश वाचा. नळीत नळी सरकायची तर मध्ये फट हवीच. समजा बुश (नळीच्या तोंडाशी बसवलेली प्लास्टिकची कडी) आणि नळी यांच्यात एकूण 0.3 मिलिमीटर फट आहे. दांडा पूर्ण वर असताना आतल्या नळीचा काही भाग बाहेरच्या नळीत अडकलेला असतो, त्याला आपण पकड म्हणू. नळी किती कलंडेल हे फट भागिले पकड यावर ठरतं. जमिनीत खांब किती खोल पुरलाय तसंच हे.

सापळा पुढेच आहे. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, तुम्ही नळीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजता आणि पकड 60 मिलिमीटर दिसते. प्रत्यक्षात वरचा टेकू नळीच्या तोंडाशी नसतो. बुशची टेकणारी कड 10 मिलिमीटर आत असते. खालचा टेकूही नळीच्या शेवटाशी नसतो. तिथे लॉकपिन (दांडा अडकवणारी खीळ) आणि स्प्रिंगचा प्लग बसलेला असतो आणि त्याची गाइड पट्टी टोकापासून 15 मिलिमीटर वर असते. 60 मधून 25 गेले. खरी पकड उरली 35.

आता दोन टप्प्यांचा दांडा घ्या, प्रत्येक टप्पा 220 मिलिमीटर बाहेर. खालच्या सांध्याचा कल वरच्या पूर्ण 440 मिलिमीटरला लागू होतो: 0.3 भागिले 35, गुणिले 440, म्हणजे 3.8 मिलिमीटर. वरच्या सांध्याचे आणखी 1.9. मुठीपाशी एका बाजूला 5.7, दुसऱ्या बाजूलाही तेवढेच. हातात घेतलं तर अकरा मिलिमीटरचं लोंबकळणं. हीच खरी पकड 70 केली तर सगळं निम्म्यावर येतं.

हा फक्त खडखडाटाचा प्रश्न असता तर ग्रीस लावून वेळ मारून नेता आली असती. पण मुठीवर 50 न्यूटन आडवा जोर आला तर खालच्या सांध्यावर 50 गुणिले 440 भागिले 35, म्हणजे 630 न्यूटनच्या आसपास येतात, दर नळीला 315. पकड 70 असेल तर 157. जास्त जोर म्हणजे बुश लवकर झिजणार, फट 0.3 ची 0.6 होणार, आणि डोलणं पुन्हा दुप्पट. वापरलेला दांडा काढून आतली नळी उजेडात धरा. तोंडाच्या बुशपाशी ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) निघून एक चकचकीत पट्टा पडलेला दिसेल, फक्त पुढच्या आणि मागच्या बाजूला. पट्टा अरुंद आणि खोल असेल तर समजा पकड कमी होती.

याची किंमत किती? नळीचा परीघ 60 मिलिमीटर, जाडी 1 मिलिमीटर धरली तर 35 मिलिमीटर जादा लांबीला नळीमागे पावणेसहा ग्रॅमच्या आत. चार सरकत्या नळ्यांचं मिळून 23 ग्रॅम. जागेचीही अडचण नाही, कारण बॅगेत बसवलेली बाहेरची नळी 460 मिलिमीटरची असेल आणि टप्पा 220 चा, तर आत भरपूर लांबी मोकळीच आहे. तरी लोक शेपूट कापतात, कारण वजनाच्या तक्त्यात 23 ग्रॅम दिसतात आणि डोलणं दिसत नाही. एफईएच्या, म्हणजे संगणकावरच्या ताण-तपासणीच्या, रंगीत चित्रातही ते दिसणार नाही, कारण घाईत सांधे «बॉन्डेड», म्हणजे चिकटलेले, धरलेले असतात. सॉफ्टवेअरला फट सांगितलीच नाही तर ते डोलणं कुठून दाखवणार? प्रोटोटाइपला थ्रीडी प्रिंटचे बुश लावूनही निष्कर्ष काढू नका, ते खरखरीत असल्यानं दांडा खोटा घट्ट वाटतो. पीओएम या गुळगुळीत, कठीण प्लास्टिकचे बुश लेथवर काढून घ्या.

घाबरू नका, इथवर समजलं असेल तर अर्धं हँडल हातात आलं. उरलेलं अर्धं पटकन सांगतो.

लॉकपिनचं भोक नळीच्या पुढच्या-मागच्या तोंडावर घेऊ नका, तिथे वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो. बाजूच्या तोंडावर, मध्यरेषेवर घ्या. 20 किलोची बॅग दांड्याला धरून झटक्यानं उचलली तर 200 न्यूटनचे सहज 600 होतात. माणूस मुठीचं एकच टोक धरून उचलतो, म्हणून सगळं एका पिनवर धरा. 5 मिलिमीटरची पिन आणि 1 मिलिमीटरची भिंत: 120 मेगापास्कल. भिंत 0.8 केली की 150, आणि नळीच्या 6063-टी5 ॲल्युमिनियमची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) साधारण 145 आहे. भोकाच्या कडेवर दाब सोसायची ताकद यील्डपेक्षा जास्त असते हे खरं, पण पिनचं टोक गोलसर असतं, पूर्ण भिंतीला टेकत नाही, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नका. काही दिवसांत भोक लांबट होतं आणि दांडा मधेच सुटतो. भिंत कापायचीच असेल तर जास्त मजबूत टी6 घ्या किंवा भोकापाशी आतून पत्रा द्या.

दोन नळ्यांमधलं अंतर वर मुठीत आणि खाली बेसमध्ये अर्ध्या मिलिमीटरनंही चुकलं तर दांडा अडकत वर येतो. उपाय टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आवळणं नव्हे, त्यानं फक्त खर्च वाढतो. एका बाजूचा बुश घट्ट ठेवा, दुसऱ्याला आडव्या दिशेनं थोडा मोकळा खाचा द्या. पुढे-मागे मात्र दोन्ही घट्टच.

चाकांबद्दल. हाउसिंग चार स्क्रूंनी शेलला आवळताना आतून प्लेट देतात, ती बरोबरच आहे. पण जाड प्लेट जिथे संपते तिथे पातळ शेल एकटं पडतं आणि तडा प्लेटच्या कडेवरून जातो. प्लेटची कड पातळ करत न्या, कोपरे गोल करा. चाकात बेअरिंग देणार असाल तर 608 कुठेही मिळतं: 8 मिलिमीटर भोक, 22 बाहेरचा व्यास, 7 रुंदी. 50 चं चाक 60 केलं तर पेव्हर ब्लॉकच्या खाचेत कमी अडकतं, पण चाक विमान कंपनीच्या मापात धरलं जातं. देशांतर्गत हातसामानाचं 55 गुणिले 35 गुणिले 25 सेंटिमीटर हे माप चाकं आणि मूठ धरून असतं, आणि एकूण वजन 7 किलो. चाकाचे 10 मिलिमीटर वाढले म्हणजे आतली जागा गेली. आपल्याकडच्या स्टेशनबाहेरच्या फरशा बघता मला दोन मोठ्या चाकांची बॅग अजूनही पटते. मार्केटिंगवाल्यांना पटत नाही.

चाकाच्या रबरासारख्या थराचा ग्रेड लेखी घ्या. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन दमट हवेत पाण्याशी विघटन पावतं. मुंबई-कोकणात दोन-तीन पावसाळे माळ्यावर पडून राहिलेल्या बॅगेचं चाक पहिल्याच प्रवासात चुरा होतं ते यामुळे, न वापरताच. पॉलिइथर जातीचं हा त्रास बराच कमी करतं. पुरवठादार फक्त «पीयू आहे साहेब» म्हणाला तर ते उत्तर नाही.

शिकायला कुठे जावं, हे बरेच विचारतात. प्लास्टिकसाठी छत्रपती संभाजीनगरचं सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) आणि साच्यांसाठी तिथलीच इंडो-जर्मन टूल रूम, दोन्हीकडचं शिक्षण हातांना काम देणारं आहे. नाशिक-सिन्नरकडे व्हीआयपीमुळे बॅगांचं काम जुनं आहे, गुजरातेत हालोलला सफारीचा कारखाना आहे. नोकरी लागेपर्यंत आपल्या शहरातल्या बॅगदुरुस्तीवाल्याकडे बसा. त्याच्या कोपऱ्यातल्या ढिगात चाकं, दांडे आणि चेनचे रनर असतात, फुटलेली शेल क्वचित. ग्रॅम कुठून काढावेत, याचं उत्तर त्या ढिगात आहे. आणि वरिष्ठ «मागच्या मॉडेलवरून उचल» म्हणाला तर उचला जरूर, पण त्या मॉडेलचे परत आलेले पीस आणि तक्रारींचा कागद मागून घ्या. तो द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून फार शिकायला मिळत नाही.

शेवटचं काम ड्रॉइंगवरचं. नळीची लांबी लिहून थांबू नका. बुशची टेकणारी कड ते प्लगची गाइड पट्टी हे अंतर, दांडा पूर्ण वर असताना, वेगळं माप म्हणून दाखवा आणि त्याला तपासणीचं चिन्ह लावा. स्वीकाराची अटही तिथेच लिहा: बॅग जिगमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत) आवळून मुठीला 1 किलो आडवं टांगल्यावर सरक किती चालेल. कारण वर्षभरानं कॉस्ट कमी करायची बैठक होईल, तुम्ही कदाचित दुसऱ्या प्रोजेक्टवर असाल, आणि खरेदी विभागातलं कुणीतरी विचारेल की ही नळी आत एवढी लांब कशाला ठेवलीय.