एआयकडून शाबासकी नको, उणिवा काढून घ्या

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा धंद्याची प्रत्येक कल्पना मी आधी त्यालाच विचारायचो. आता क्रम उलटा आहे. आधी दहा-बारा संभाव्य ग्राहकांशी बोलतो, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपतो. मग नावं-नंबर खोडून ती टिपणं एआयला देतो: "तक्रारींचे गट पाड आणि प्रत्येकाखाली मूळ वाक्य दे."

मूळ वाक्य मागायला विसरू नका. मी एकदा विसरलो, तर कुणीच न केलेली तक्रार यादीत सगळ्यात वर! तिच्यापायी तीन आठवडे पाण्यात गेले. ही मॉडेलं पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातात. खरंखोटं तपासणं आपल्याच गळ्यात.

"कल्पना कशी वाटली?" असंही विचारू नका, बहुतेक वेळा हो ला हो मिळतं. "हा धंदा वर्षभरात बुडाला असं धर, कारणं सांग," म्हणा. वीसेक कारणं येतील, त्यातली निम्मी फुसकी. उरलेली घेऊन पुन्हा त्याच ग्राहकांकडे जा.

नमुना म्हणून एका पानाची वेबसाइट एआयकडून खुशाल लिहून घ्या. फक्त पासवर्ड आणि ‘एपीआय की’ (दुसरी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोडमध्येच राहिलेली नाही ना, ते प्रसिद्ध करण्याआधी बघा.