बेडूक की भेक : ओळखताना या चुका टाळा

पहिला पाऊस झाला की अंगणातल्या दिव्याखाली पंखवाल्या वाळव्यांचा सडा पडतो आणि त्या टिपण्यासाठी भिंतीच्या कडेने एक बसका, खरबरीत प्राणी सावकाश पुढे सरकतो. आपण त्यालाही बेडूकच म्हणतो; पुस्तकी मराठीत मात्र त्याला भेक असा वेगळा शब्द आहे. शास्त्रीय वर्गीकरणात भेक हे बेडकांच्याच गणातले एक कूळ असल्यामुळे बोलण्यातली ही सरमिसळ क्षम्य आहे. खरी गडबड होते ती ओळखीच्या खुणांमध्ये.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ कातडीवरून निकाल देणे. ‘गुळगुळीत तो बेडूक, खडबडीत तो भेक’ हा नियम भाजीचा वाफा खणतानाच फसतो, कारण मातीतून निघणारा गोलमटोल, पुटकुळ्यांनी भरलेला प्राणी पुष्कळदा बिळात राहणारा बेडूक असतो. अशा वेळी डोळ्यांच्या मागे पाहावे. भारतीय भेकाच्या तेथे दोन्ही बाजूंना शेंगदाण्यासारखी फुगीर, लांबट विषग्रंथी असते, आणि डोळ्यांभोवतीपासून नाकपुड्यांकडे काजळाची रेघ ओढावी तशा काळ्या, उंचवटेदार कडा जातात. बिळातल्या बेडकाला यांपैकी काहीही नसते. त्याच्या मागच्या पायाच्या तळव्यावर मात्र माती उकरण्यासाठी फावड्यासारखी कडक गाठ असते. भेकाच्या पिल्लांमध्ये ग्रंथी नीट उठून दिसत नाहीत, म्हणून पिल्लांबाबत घाई करू नये.

रंगावर आणि आकारावर तर मुळीच विसंबू नये. जूनमध्ये शेतातल्या डबक्यात हळदीसारखे पिवळे होऊन, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारे ते ‘विषारी’ प्राणी म्हणजे मादीला साद घालणारे मोठ्या बेडकाचे नर असतात. उलट २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेलेला आंबोलीचा भेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचा असतो.

‘पाण्यात बेडूक, जमिनीवर भेक’ हेही अर्धसत्यच आहे. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला प्राणी झाडावरचा बेडूक असतो, तर भारतीय भेक अंडी घालायला पाण्यातच उतरतो. त्याची काळी अंडी चिकट, पारदर्शक दोरीत मण्यांसारखी ओवलेली दिसतात.

भेकाला शिवल्याने चामखीळ येते, हा समज निराधार आहे. चामखीळ माणसांमधल्या विषाणूमुळे होते. विष मात्र खरे आहे, त्यामुळे हाताळल्यावर हात धुवावेत. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याची लाळ गळू लागली, तर त्याचे तोंड खाली झुकवून, पाणी घशात जाऊ न देता, हिरड्या वाहत्या पाण्याने धुवाव्यात आणि त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.